फुटक्या टायरवरचा मेजर

"ठावं हाय!"

केबिनच्या खिडकीतून कोपरापर्यंत हात बाहेर यायचा, पंजा पालथा, आणि रडक्या पोराला थोपटावं तसा हवेत दोनदा खाली-वर व्हायचा. मागोमाग हे दोन शब्द. रस्त्याकडेचा माणूस बिचारा घसा फोडून ओरडत असायचा, "आवं डायव्हर, मागचा टायर फुटलाय!" आणि मेजरचं उत्तर ठरलेलं. ठावं हाय. म्हणजे टायर फुटलाय हे मला माहीत आहे, तू आपली म्हसरं सांभाळ. एवढं सांगून तो ट्रक मागच्या ट्रेलरसकट फडफड फडफड करत पुढं निघून जायचा.

माहीत नसतं तर एक वेळ माफ केलं असतं. पण माहीत असून! या 'माहीत असून'पायी मी माझं किती रक्त आटवलं ते माझं मलाच ठाऊक.

त्या काळात विट्याहून आटपाडीकडं एसटीनं गेला असाल तर तो ट्रक तुम्ही नक्की पाहिला असेल. निळ्या बोनेटचा, आणि मागं लोखंडी दांड्यानं जोडलेला लांबलचक ट्रेलर. ट्रेलरच्या मागच्या कण्याला दोन्ही अंगांना जोडचाकं होती. म्हणजे एका अंगाला दोन टायर, शेजारी शेजारी. त्यातला एक फुटला की मेजर म्हणायचा, "दुसरा हाय की! भाऊ कशाला असतोय मग?"

"तो भाऊ दोघांचं ओझं वाहून मरतोय, मेजर."

"मरंल तवा बघू."

माझं दुकान विट्याच्या बाहेर फाट्यावर. माझे वडील बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचे. मी रबरावर आलो. पंक्चर काढायचं, टायर शिजवून जोडायचे, रिंगा ठोकून सरळ करायच्या. सगळा भाग मला 'मिस्त्री' म्हणायचा. धंदा बरा चालायचा, आणि त्यातला निम्मा एकट्या मेजरमुळं चालायचा असं लोक चेष्टेनं म्हणत. पण देवाशपथ सांगतो, तसली कमाई मला नको होती. चांगल्या टायरच्या चिंध्या झालेल्या दिसल्या की मी आधी पाठ फिरवायचो. तो माझ्यासमोर जे आणून टाकायचा त्याला टायर म्हणायची सोय नसायची. तारा बाहेर आलेल्या, रबर जळून काळं पीठ झालेलं, ट्यूबची तर नुसती लक्तरं. आणि वर तोंड करून म्हणायचा, "मिस्त्री, एक ठिगळ मार."

"कशाला मारू? ठिगळ लावायला कापड तरी शिल्लक पायजे का नको?"

"तू हिकमती माणूस हायस गड्या. कायतरी करशीलच." असं म्हणून तो चहा मागवायचा. तो चहा उभ्यानं प्यायचा. आणि बाहेर ट्रकचं इंजिन चालू! चहापुरतंसुद्धा ते बंद करायचा नाही. कितीदा सांगितलं. डिझेल काय नळाला येतं का? पण नाही.

तसा तो मेजर-बिजर काही नव्हता. आमच्याकडं लष्करातून पेन्शन घेऊन जो कोणी परत येतो तो मेजरच. हा तिथं ट्रक चालवायचा. गाव औंधच्या डोंगराखालचं. अंगानं वाळका, खांद्यावर कायम लाल काठाचा टॉवेल, आणि बसला असला तरी आता उठेल असं वाटायला लावणारा. एकदा त्याच्या बायकोला, वहिनींना, मी म्हणालो, "वहिनी, तुमी तरी ह्याला जरा दमानं घ्यायला सांगा." त्या म्हणाल्या, "आवं, ह्यास्नी पानावर बसलं तरी उठायची घाई. लग्नात सप्तपदीला भटजी म्हणालं, सावकाश. तर म्हणत्यात, चालतंय!"

न थांबण्याचं त्याचं कारण मात्र मोठं होतं. ते त्यानं मला निदान शंभरदा ऐकवलं असेल. डोंगरातला अरुंद रस्ता. लष्करी गाड्यांची रांग चाललेली. "फुडची गाडी थांबली की मागच्या समद्या थांबत्यात. आन थांबलेल्या गाडीवर वरनं नेम धरून गोळा पडतोय. टायर फुटला, रिंग मोडली, तरी चालवायची. आमास्नी तसंच शिकीवलंय."

"आरं बाबा, ते खरं," मी म्हणायचो, "पर हितं विट्याच्या रस्त्यावर तुझ्यावर कोण गोळा टाकतंय? तासगावकर?"

तो हसायचा. हसून निघून जायचा. फुटक्या टायरवर.

आता हे असं किती दिवस चालणार? ट्रकचा मालक सांगलीचा, शांत माणूस. पण शांत माणसाचीही सहनशक्ती संपते. एकदा माधवनगरच्या गिरणीतला माल घेऊन येताना मेजरनं ट्रेलर पार रिंगेवर आणला. रिंग कडेनं मार खाऊन चपटी झाली, कणा वाकला. मालक स्वतः माझ्या दुकानात आला. त्यानं तो वाकलेला कणा पाहिला आणि आवाज न चढवता म्हणाला, "मेजर, हे शेवटचं. पुन्हा फुटक्या टायरवर गाडी पुढं नेलीस, तर चावी माझ्या हातात ठेवायची आणि घरी जायचं."

मेजरचा चेहरा पांढराफटक पडला. मालक जरा बाजूला गेल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मिस्त्री, मला दुसरं काय येतंय रं? औत धरलं तर तास वाकडं जातंय. गाडी न्हाई म्हणजे मी कशाचाच न्हाई."

"मग थांबत जा की लेका!"

मालक परत आला. नुसत्या शब्दावर त्याचा विश्वास नव्हता, आणि त्यात त्याची चूक नव्हती. म्हणाला, "यमाईची आण घे."

केबिनमध्ये काचेच्या वर औंधच्या यमाईची छोटी तसबीर होती. रोज सकाळी तिला उदबत्ती लावल्याशिवाय मेजर चाकाला हात लावत नसे. तो केबिनमध्ये चढला, तसबिरीवर उजवा पंजा ठेवला आणि म्हणाला, "आई, टायर फुटला की थांबीन. जाग्यावर थांबीन." मग खाली उतरला. मी साक्षीदार. आमच्या घरी ईदचा पहिला शिरखुर्मा मेजरला जायचा आणि त्याच्या घरचा यमाईचा प्रसाद आमच्याकडं यायचा. त्यामुळं ही आण त्याला केवढी जड आहे हे मला सांगायला नको होतं.

आणि खरं सांगतो, तो थांबायला लागला. टायर फुटला की गाडी बाजूला. पण थांबायचा कसा? मांडवात ताटकळलेल्या जावयासारखा! गाडीभोवती चकरा मारायचा, जॅकला शिव्या द्यायचा, रस्त्याला शिव्या द्यायचा, आणि फिरून फिरून मला. जणू त्याचे टायर मीच फोडत होतो.

मग तो दुष्काळ आला. बहात्तरचा. त्याचं मी तुम्हाला काय सांगायचं? आटपाडीच्या अंगाला माळ असा जळाला होता की करड्या मातीवर मेंढरांच्या पावलांशिवाय काही दिसत नव्हतं. जनावरांच्या छावण्या लागल्या. कृष्णाकाठावरून कडबा भरायचा आणि छावणीत नेऊन टाकायचा, हे काम मेजरच्या ट्रकला मिळालं. छावणीतल्या जनावरांना त्याची गाडी कळायची. इंजिनाचा आवाज आला की सगळ्या माना एकदम वर. त्यानं मला हे सांगितलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "मिस्त्री, माझी वाट इतकी कुणीच बघितली न्हाई रं. बायकोनंबी न्हाई."

एका सकाळी छावणीवरून निरोप आला की पाण्याच्या टँकरचं चाक बसलंय. मी ठिगळं, पंप, पाने असं सगळं पिशवीत घातलं आणि मेजरच्या गाडीत बसायला गेलो. गाडी पाहिली आणि डोकं धरलं.

ट्रक कडब्यानं भरलेला, ते ठीक. पण ट्रेलर! पेंढ्यांवर पेंढ्या, इतक्या की त्यांची शेंडं दोन्ही बाजूंनी खाली लोंबत होती. अगदी चाकांपर्यंत.

"मेजर, कडबा चाकाला लागतोय."

"वाऱ्यानं हलतंय ते."

"आन स्टेपनी कुठं हाय?"

"तळाला."

"कशाच्या तळाला?"

"कडब्याच्या."

मी त्याच्याकडं बघतच राहिलो. टायर बदलायचा झाला तर आधी आख्खा ट्रेलर रिकामा करायचा! अहो, आण घेतलेल्या माणसानं असं भरावं? पण तो ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. "काल गाडी गेली न्हाई. दावणीत कालपासनं काडी न्हाई. चल, बस."

बसलो. काय करणार?

भिवघाटाच्या उतारावर मागून आवाज आला. बंदूक उडाल्यासारखा. मला बघायची गरज नव्हती, ट्रेलरच्या जोडीतला एक गेला होता. मेजरचा पाय ॲक्सिलरेटरवरून उठला आणि ब्रेकवर आला. तिथं टेकला. दाबला नाही. त्यानं आधी यमाईच्या तसबिरीकडं पाहिलं, मग समोर रस्त्याकडं, मग पुन्हा तसबिरीकडं. 

"थांबव," मी म्हणालो.

"पाचेक मैल असंल छावणी."

"मेजर, थांबव!"

त्यानं काय केलं सांगू? खांद्यावरचा टॉवेल काढला आणि यमाईच्या तसबिरीवर टाकला. नीट झाकली तिला, कोपरेसुद्धा खोचले. आणि म्हणाला, "आई, जरा डोळं मिटून घे. छावणीत पोचलो की उघडतो." आणि पाय पुन्हा ॲक्सिलरेटरवर.

मी उडालोच. "आरं, देवीला टावेल घालतोस? ही कुठली रीत?"

"दिसलं न्हाई की राग न्हाई."

"आन मी हाय त्ये? माझ्यावर काय घोंगडं टाकणार हायस?"

"तू काय देव हायस व्हय?"

अशा माणसाशी बोलायचं कसं, तुम्हीच सांगा. तरी मी बोललो. डोकं शांत ठेवून बोललो. म्हणालो, "हे बघ. ट्रेलर हितंच सोड. मी राखण बसतो. तू नुसता ट्रक घिऊन जा, कडबा टाक, चार माणसं घिऊन माघारी ये. ट्रेलर रिकामा करू, चाक बदलू, सांजच्या आत दुसरा कडबाबी पोचतोय."

"आन सांजपातुर निम्मी जनावरं निम्म्यांच्या तोंडाकडं बघत बसू देत?"

"बसू दे की! मरत न्हाईत तेवढ्यात!"

"तू बघितलं न्हाईस त्यास्नी," तो म्हणाला. "खुटं चावाय लागल्यात."

जनावरं भुकेली होती, हे कबूल. पण तेवढ्यानं त्याचं खरं होत नाही. बाहेर फुटलेला टायर दणादण आपटत होता. शेजारचा एकटा सगळं ओझं घेऊन तापत होता, आणि त्याच्यावर वाळला कडबा लोंबत होता. हे गणित शाळा न शिकलेल्यालाही कळेल. मी रागानं तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसलो. रस्त्यात एक मेंढका ओरडला, "पावणं, टायर!" मेजरचा हात बाहेर. "ठावं हाय!"

आधी वास आला. जळक्या रबराचा वास मी झोपेतही ओळखतो. मग आरशात धूर. मेजरलाही दिसला, पण छावणीचं टोक तेव्हा समोर दिसायला लागलं होतं आणि त्यानं गाडी आणखी हाणली. दुसरा टायर फुटला तो छावणी हाकेच्या अंतरावर असताना. रिंग रस्त्यावर घासली, ठिणग्या उडाल्या, आणि कडब्याच्या लोंबत्या शेंडांनी पेट घेतला.

छावणीतली माणसं गाडीचा आवाज ऐकून रस्त्यावर आलेलीच होती. आधी आनंदानं हात हलवत होती. मग तेच हात डोक्यावर गेले. "पेटलंय! पेटलंय! थांबा! आवं थांबा!"

मेजरचा हात सवयीनं खिडकीबाहेर गेला. "ठावं हाय!" पण या वेळी त्याचा आवाज फाटला होता.

आता हे समजून घ्या. छावणीच्या खोपी कडब्याच्या आणि झाडाच्या डहाळ्यांच्या. त्या अगदी रस्त्याला लागून. त्याखाली दाव्यांनी बांधलेली जनावरं, जी पळू शकत नाहीत. वारा रस्त्याकडून छावणीकडं. पेटलेला ट्रेलर तिथं थांबला असता तर सगळी छावणी त्या वाऱ्यावर जळून भुईसपाट झाली असती. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या माणसाला म्हणालो, "थांबू नगंस! मेजर, थांबू नगंस!"

"उतर," तो म्हणाला.

"आरं पर..."

"उतर म्हणतोय न्हवं!" वळणावर वेग जरा कमी झाला तिथं त्यानं मला अक्षरशः ढकललं. मी धुळीत चार लोळण्या खाल्ल्या. उठून बघतो तर ट्रक छावणीच्या कडेनं सुसाट निघालेला, मागं आगीचा लोळ, आणि गडी रस्ता सोडून छावणीपलीकडच्या कोरड्या तळ्यात उतरत होता.

मी धावलो. माझ्यामागं सगळी छावणी धावली. तळ्याच्या मधोमध त्यानं ट्रक थांबवला, जोड सैल व्हावा म्हणून जरासा मागं घेतला, उडी मारून उतरला. ट्रक आणि ट्रेलर जोडणारी लोखंडी खिट्टी काढायची होती. ती तापली होती, वरून जळत्या पेंढ्या पडत होत्या. त्यानं एकदा हात लावला आणि मागं घेतला. मग पळत केबिनकडं आला, आत हात घालून टॉवेल ओढला, तो मुठीला गुंडाळून पुन्हा आगीत शिरला आणि खिट्टी उपसली. तसाच फिरला, ट्रकमध्ये चढला आणि ट्रक पुढं काढला. ट्रकवरचा कडबा वाचला. ट्रेलर जाग्यावर जळून गेला, पार कण्यापर्यंत.

मी पोचलो ते शिव्या द्यायच्या तयारीनं. तोंड उघडलं होतं. तो ट्रकच्या पायरीवर बसला होता, उजवा पंजा मांडीवर उताणा, कातडं सोललेलं. माझ्याकडं बघतही नव्हता. वर केबिनमध्ये बघत होता. काचेवरची यमाई उघडी होती.

"मिस्त्री," तो म्हणाला, "टावेल मीच काढला रं. बघितलं तिनं."

 मी त्याच्याशेजारी पायरीवर बसलो.

थोड्या वेळानं एक म्हातारी आली. तिची एक गाय छावणीत होती, तेवढंच तिचं गोत. तिनं मेजरच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाली, "निम्मं तर आलं बाबा. आन आमची खोपटी ऱ्हायली." मेजरनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. त्या दिवशी जनावरांना अर्धी अर्धी पेंढी मिळाली. राखेजवळ काही जनावरं हुंगत गेली आणि शिंकरून परत आली. मेजर ते बघत बसला होता. मी त्याला तिथून उठवलं.

मग काय विचारता! पुढच्या आठवड्यात छावणीत सत्कार. एक बैलगाडी आडवी लावून तिचं स्टेज केलं. मालकही आला. मेजरला फेटा बांधला, हातात नारळ दिला. उजवा हात फडक्यात बांधलेला, म्हणून नारळ डाव्या हातात. भाषण करणारा म्हणाला, "टायर फुटला तरी थांबला नाही, गाडी पेटली तरी थांबला नाही! असा माणूस आपल्या भागात जन्मला हे आपलं भाग्य!" मी खाली बसून दात खात होतो. टायर फुटला तेव्हा थांबला असता तर पेटली कशाला असती, हा साधा प्रश्न एकाही शहाण्याला पडू नये?

पडला. एकाला पडला. बोलायला सांगितल्यावर मेजर उठला आणि म्हणाला, "टायर हितं फुटला न्हाई. घाटात फुटला. तितंच थांबायचं हुतं. ह्यो मिस्त्री थांब थांब म्हणत हुता. मी यमाईची आण घेतली हुती, ती मोडली. तुमच्या निम्म्या जनावरांचा घास मी जाळलाय."

 आणि मग टाळ्या! अहो, टाळ्या! "बघा, किती साधा माणूस! सगळा दोष स्वतःवर घेतोय!" माझ्या अंगाची लाही लाही झाली. आमच्या लोकांना खरं सांगितलेलं कळत नाही, आणि एकदा फेटा बांधला की तो सोडवतही नाही. मी ओरडलो, "आवं, खरं बोलतोय त्यो!" तर शेजारचा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "दोस्त शोभतोस."

मालकाला मात्र कळलं असावं. शहाणा माणूस होता. तो मेजरजवळ गेला आणि हळूच म्हणाला, "झालं ते झालं. ट्रेलर दुसरा घेऊ. चावी तुझ्याकडंच राहू दे."

मेजरनं खिशातून चावी काढली. नारळ मालकाच्या हातात दिला आणि त्या नारळावर चावी ठेवली. "आवं मालक, तुमी सोडलं. तिनं कुठं सोडलंय?" एवढं बोलून बैलगाडीवरून उतरला आणि एसटीच्या थांब्याकडं चालत निघाला. फेटा डोक्यावर तसाच.

वाटलं, आठ-पंधरा दिवसांत येईल भानावर. महिना गेला. पाऊस पडला, छावण्या उठल्या, जनावरं घरी गेली. मेजर काही आला नाही. शेवटी मीच औंधकडं गेलो. भावाच्या रानात बांधावर बसला होता. हाताची जखम भरली होती, पंजाचं कातडं गुळगुळीत आणि ताणलेलं. औत धरता येत नव्हतं ते नव्हतंच, त्यामुळं पाखरं हाकायचं काम. पाखरं हाकायचं! घाटरस्त्यावर चाकाशी झुंजणारा माणूस!

मी अंगावरच गेलो त्याच्या. "काय लावलंयस हे? मालकाला तू पायजेस. नवीन ट्रेलर हाय. उठ की, चालव की गाडी!"

तो माझ्याकडं बघून हसला. "थांब थांब म्हणून तूच वरडत हुतास न्हवं मिस्त्री? थांबलो."

"आरं असं थांब म्हणालो नव्हतो मी!"

"मग कसं?"

मी पायानं बांधावरचं एक ढेकूळ फोडलं. टायर बदलेपर्यंत थांबायचं असतं, बाबा. चहा पिईपर्यंत थांबायचं असतं. मधलं काही त्याला कधी जमलंच नाही. एक तर फुटक्या टायरवर पळायचं, नाहीतर कायमचं खाली उतरायचं. रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यालाही ते दिसलं, कारण तो पाखरांकडं बघायला लागला.

त्यानंतर तो दर ईदला आमच्याकडं यायचा, एसटीनं. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचा आणि चढ आला की उजवा पाय जमिनीवर दाबायचा. त्या गाडीचा कंडक्टर मला सांगायचा आणि हसायचा. मला हसू यायचं नाही. दुकानासमोर बाकावर बसला की रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या चाकांकडं बघायचा. चहा मात्र आता बसून प्यायचा. सावकाश, बशीत ओतून. तो असा सावकाश चहा प्यायला लागला की मी उठून आत जायचो आणि उगाच एखादी रिंग ठोकत बसायचो.

चार-पाच वर्षांनी एका दुपारी निरोप आला. छातीत कळ आली आणि बांधावरच गेला. मी दुकानाची फळी लावली आणि पहिली गाडी धरली. पोचलो तेव्हा तिरडी उचलायच्याच बेतात होते. वहिनींनी मला पाहिलं आणि खांदा द्यायला बोलावणाऱ्यांना म्हणाल्या, "मिस्त्री आल्यात. त्यांना म्होरं घ्या."

मी पुढचा दांडा घेतला. कायम पळत राहिलेला माणूस अंगानं इतका हलका होता हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

गावाबाहेर लिंबाखाली विसाव्याची जागा. तिथं तिरडी खाली ठेवायची, खांदेकऱ्यांनी जागा बदलायची, घटकाभर थांबायचं. खाली ठेवली. सगळे थांबले. वरच्या रस्त्यानं एक भरलेला ट्रक गेला, त्याचा आवाज लांब जाईपर्यंत ऐकू येत होता. मी मेजरकडं बघत होतो. जन्मभर मी ज्याला थांब थांब म्हणून घसा फोडला, तो कसा मुकाट्यानं जाग्यावर थांबला होता. आणि मला ते एक क्षणही बघवेना.

"उचला," मी म्हणालो.

एक म्हातारा बाप्या माझ्याकडं वळला. "आवं मिस्त्री, जरा थांबावं लागतंय. रीत हाय ती."

"ठावं हाय," मी म्हणालो, आणि वाकून दांडा खांद्यावर घेतला.